क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड : इंदूरच्या घरखर्चावरून मांडलेला हिशेब

"सगळ्यात चांगलं कार्ड कुठलं हो?" पैशांविषयी लिहितो म्हणून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं आणि ते ऐकून समोरच्याचा उत्साह मावळतो: गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट दाखवा, मग सांगतो. व्हिडिओतल्या 'टॉप टेन'मध्ये जे कार्ड पहिलं असतं ते बहुधा महिन्याला दोनदा विमानात बसणाऱ्या आणि रोजचं जेवण ॲपवरून मागवणाऱ्या माणसाला लागू पडतं. राजेंद्रनगर, सुदामानगर किंवा लोकमान्यनगरातल्या घराचा किराणा सियागंजातून येतो, कापड एमटी क्लॉथ मार्केटमधून येतं आणि रविवारचे पोहे-जिलेबी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर होतात. त्या घराचं कार्ड वेगळं, आणि ते त्या घराच्या खर्चातच शोधावं लागतं.

पण आधी एक चाळणी. दर महिन्याचं बिल पूर्ण भरण्याची खात्री नसेल तर हा लेख इथेच सोडा. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. त्यावर १८ टक्के जीएसटी. ३०,००० चं बिल आलं आणि तुम्ही फक्त 'मिनिमम ड्यू'चे १,५०० भरले, तर उरलेल्या २८,५०० वर एका महिन्याचं व्याज साधारण १,००० रुपये आणि जीएसटीचे १८०. प्रत्यक्षात आकडा याहून मोठा निघतो, कारण थकबाकी राहिली की व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, शिवाय वेगळी फी. रिवॉर्ड म्हणून महिन्याला चार-पाचशे रुपये मिळतात. एक चुकलेला महिना अडीच-तीन महिन्यांची कमाई घेऊन जातो.

पहिलं काम : खर्चाचे तीन ढीग

स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास समोर घ्या आणि प्रत्येक खर्च तीनपैकी एका ढिगात टाका. पहिला ढीग कार्डावर जाऊच न शकणाऱ्या पैशांचा. दुसरा कार्डावर जाणारा, पण बक्षीस न मिळणारा. तिसरा खऱ्या अर्थाने कमाईचा. लोक तिसऱ्या ढिगाचा अंदाज नेहमी फुगवून सांगतात, म्हणून मी तोंडी आकड्यांवर विश्वास ठेवत नाही.

उदाहरणासाठी एक घर घेऊ. नवरा पिथमपूरच्या कंपनीत, बायको शाळेत, मुलगी पुण्याला शिकायला. महिन्याचा खर्च ७०,०००. त्यातला गृहकर्जाचा हप्ता २१,०००, मुलीला पाठवायचे १०,०००, आणि कामवाली, दूध, भाजी, मंडळाची वर्गणी मिळून ९,०००. हे ४०,००० पहिल्या ढिगात. उरले ३०,०००. त्यात किराणा ८,०००, कपडे-औषधं-हॉटेल ७,०००, ऑनलाइन खरेदी ६,०००, वीज-मोबाइल-गॅस-इंटरनेट ५,००० आणि पेट्रोल ४,०००.

आता दुसरा ढीग. पेट्रोलवर बहुतेक साध्या कार्डांना पॉइंट मिळत नाहीत, फक्त एक टक्का सरचार्ज माफ होतो, तोही ठरावीक रकमेच्या बिलावर. वीजबिलासारख्या देण्यांवर अनेक बँकांनी पॉइंट कमी केले किंवा बंद केले आहेत. घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, विम्याचा हप्ता, निगमचा मालमत्ता कर यांचंही बऱ्याच कार्डांवर तेच. म्हणजे आपल्या घराचे आणखी ९,००० गेले. ७०,००० खर्चणाऱ्या घरात बक्षिसाच्या लायक निघाले २१,०००. कार्ड निवडायचं ते या २१,००० साठी.

कुठला खर्च कुठल्या ढिगात हे बँक कसं ठरवते, तेही पाहून ठेवा. प्रत्येक दुकानाच्या मशीनला किंवा पेमेंट गेटवेला धंद्याच्या प्रकाराचा चार आकडी कोड लावलेला असतो. बँकेला तुमच्या पिशवीत काय आहे ते दिसत नाही, कोड दिसतो. त्यामुळे एकाच मॉलमधल्या सुपरमार्केटात 'किराणा' म्हणून जादा पॉइंट मिळतात आणि शेजारच्या दुकानात त्याच तूर डाळीवर मिळत नाहीत. नव्या दुकानात मोठी खरेदी करण्याआधी एक लहानसं बिल करून पुढच्या स्टेटमेंटमध्ये काय जमा झालं ते पाहावं.

दुसरं काम : शंभर रुपयांमागे किती रुपये?

'१० एक्स पॉइंट', '५,००० वेलकम पॉइंट' ही सगळी भाषा रुपयांत उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन गोष्टी लागतात: किती रुपयांवर किती पॉइंट, आणि एका पॉइंटचे किती पैसे.

समजा १५० रुपयांवर ४ पॉइंट आहेत आणि पॉइंट २५ पैशांचा आहे. म्हणजे १५० रुपयांवर १ रुपया, शंभरामागे ६७ पैसे. तोच पॉइंट विमानाच्या तिकिटासाठी वापरला तर ५० पैशांचा धरतात, म्हणजे शंभरामागे १ रुपया ३३ पैसे. जाहिरातीत मोठा आकडा असतो. तुम्ही वर्षभरात विमानात बसणार नसाल तर तुमचा आकडा ६७ पैसे.

आणखी एक बारीक फट आहे आणि ती छोट्या खरेदीवाल्यांना फार महाग पडते. '१५० रुपयांवर' म्हणजे अनेक कार्डांवर पूर्ण १५० च्या टप्प्यावर. २९० रुपयांच्या औषधांवर एकाच टप्प्याचे पॉइंट मिळतात, १४० रुपये रिकामे जातात. 'छप्पन दुकान'च्या खाऊगल्लीत ९० रुपयांचं खाल्लं तर काहीच नाही. ज्यांचा खर्च शंभर-दोनशेच्या तुकड्यांत होतो त्यांनी टप्प्यांचं कार्ड बाजूला ठेवावं आणि टक्क्यांत सरळ कॅशबॅक देणारं घ्यावं. माझं मत विचाराल तर इंदूरच्या दहांपैकी आठ घरांनी तेच करावं. पॉइंटांचा खेळ आवडीने खेळणारा माणूस घरात असेल तर गोष्ट वेगळी, पण असा माणूस हे वाचत बसणार नाही, त्याची एक्सेल शीट कधीच तयार आहे.

मग वरची मर्यादा बघा. '५ टक्के कॅशबॅक'च्या खाली बारीक अक्षरात 'महिन्याला कमाल अमुक' असतं. ५ टक्के आणि कमाल ५०० असेल तर १०,००० च्या ऑनलाइन खर्चानंतर कार्ड थंड पडतं. आपल्या उदाहरणातलं घर ऑनलाइन ६,००० खर्चतं, तेव्हा ही मर्यादा त्याला आड येत नाही.

आता बेरीज. ऑनलाइन ६,००० वर ५ टक्के म्हणजे ३००. किराणा, कपडे, औषधं मिळून १५,००० वर १ टक्का म्हणजे १५०. महिन्याला ४५०, वर्षाला ५,४००. कार्डाची फी ९९९ असेल तर जीएसटी धरून ती १,१७९ पडते. वर्षाला २ लाख खर्चावर फी माफ असेल तर बक्षिसाला धरला जाणारा आपला खर्च २,५२,००० आहे, म्हणजे फी सुटते. माफीसाठी कुठले खर्च मोजत नाहीत हे मात्र वाचून घ्या. भाडं आणि वॉलेट बहुधा त्यातही नसतात.

वर्षाला पाच-साडेपाच हजार, ही या खेळातली खरी रक्कम. वाईट नाही, दिवाळीचा नमकीन-मिठाईचा खर्च निघतो. पण एवढ्यासाठी वर्षाला ५० हजार जादा खर्च करणारी घरं मी पाहिली आहेत.

लाउंज, व्हाउचर आणि इतर मोह

गेल्या दिवाळीत ओळखीच्या एका काकूंना बँकेतून फोन आला. ४,९९९ फीचं कार्ड, विमानतळावर लाउंज फुकट. काकू घेणारच होत्या.

"काकू, विमानाने किती वेळा जाता?"

"दोन वर्षांपूर्वी गेलो होतो की बेंगळुरूला, नातवाच्या बारशाला."

"आणि पुण्याला?"

"पुण्याला कशाला विमान? रात्री बसमध्ये बसलं की सकाळी पुणं."

जीएसटीसकट ५,८९९ रुपये देऊन त्यांना जे मिळणार होतं ते म्हणजे दोन वर्षांतून एकदा उपमा आणि कॉफी. त्यातही आता बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केली असेल तरच लाउंजचं दार उघडतं. फीच्या बदल्यात जे मिळतं त्यातलं तुम्ही गेल्या वर्षी स्वतःच्या पैशाने काय विकत घेतलं असतं, तेवढंच मोजा. बाकी शून्य धरा.

'वर्षाला ४ लाख खर्च करा, ५,००० चं व्हाउचर घ्या' यालाही हाच न्याय. मार्चमध्ये ३,७०,००० वर आला असाल आणि मुलीची कोर्स फी एप्रिलऐवजी मार्चमध्ये भरून चार लाख होत असतील तर जरूर करा. मात्र फी त्या मोजणीत धरतात ना, ते विचारून. व्हाउचरसाठी टीव्ही घेणं हा तोटाच. 'नो कॉस्ट ईएमआय'लाही, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांनाही, फुकट समजू नका. प्रोसेसिंग फी असते, व्याजाइतकी सूट आधी दिलेली असली तरी त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याकडूनच जातो, आणि अशा खरेदीवर पॉइंट बहुधा मिळत नाहीत.

घरभाडं कार्डाने भरण्याची टूम मधे फार होती. १५,००० भाड्यावर एक टक्का फी १५० आणि जीएसटी २७, असे १७७ रुपये जातात आणि बदल्यात पॉइंट बहुधा शून्य. विषय संपला.

कार्डं किती?

दोन. एक ऑनलाइन खरेदीसाठी, तुम्ही जिथे सगळ्यात जास्त खरेदी करता त्या संकेतस्थळाच्या नावाचं किंवा सरसकट ऑनलाइन कॅशबॅकचं. दुसरं बाजारासाठी, आणि ते रुपे, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारख्या आपल्या देशी नेटवर्कचं, असावं. याचं कारण पुढे येतंच. पेट्रोल कंपनीच्या नावाचं तिसरं कार्ड देवासला किंवा पिथमपूरला रोज स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याने घ्यावं. महिन्याला १०,००० चं पेट्रोल असेल तर ४ टक्क्यांनी ४०० सुटतात. ४,००० च्या पेट्रोलसाठी वेगळी तारीख आणि वेगळं ॲप सांभाळण्यात अर्थ नाही.

ज्यांना पगाराची स्लिप नाही, म्हणजे घर सांभाळणाऱ्या बाया, निवृत्त मंडळी, नुकताच धंदा सुरू केलेला मुलगा, त्यांना मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. ठेवीवरचं व्याज चालू राहतं आणि क्रेडिट स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या सवयीचा गुणांक, तोही तयार होतो. ठेव मात्र अडकलेली असते हे लक्षात ठेवा.

बाजारात गेल्यावर

इथे इंदूरचा अनुभव कामाला येतो, कारण बँकेच्या पत्रकात हे काहीच लिहिलेलं नसतं.

स्वाइप मशीन असलेली दुकानं आपल्या बाजारात कमी, क्यूआर मात्र चहावाल्याकडेही आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली, तेव्हापासून हे क्यूआर कार्डवाल्यांना खुले झाले. कार्ड यूपीआय ॲपमध्ये जोडायचं, पिन लावायचा, आणि पैसे देताना बँक खात्याऐवजी कार्ड निवडायचं. अट एकच: क्यूआर दुकानाच्या नावाचा, म्हणजे व्यापारी खात्याचा हवा. मारोठिया बाजारातल्या एखाद्या गल्ल्यावर मालकाच्या मुलाचा खाजगी क्यूआर चिकटवलेला असेल तर कार्ड चालणार नाही, ॲप तिथेच नकार देतं. काही बँका यूपीआयवरच्या खर्चाला स्वाइपपेक्षा कमी बक्षीस देतात, तेही कार्ड घेताना पाहून घ्या.

दुसरी गोष्ट सराफ्यातली. रात्री भुट्ट्याचा कीस खायला जातो तो नव्हे, दिवसा दागिने घ्यायला जातो तो सराफा. तोळ्याचा भाव ठरला, घडणावळ ठरली, कार्ड पुढे केलं की गल्ल्यावरून आवाज येतो, "कार्ड पे दो परसेंट लगेगा." कार्डाच्या व्यवहारावर बँक दुकानदाराकडून शुल्क कापते, ते तो तुमच्यावर टाकतो. एक लाखाच्या दागिन्यावर हे २,००० झाले. तुमचं कार्ड एक टक्का देत असेल तर मिळणार १,०००, आणि सोन्यावर पॉइंटच न देणारी कार्डंही आहेत. अशा वेळी कार्ड खिशात ठेवा आणि खात्यातून पैसे द्या. उलट कधीकधी यूपीआय किंवा रोखीवर सूट मिळते. लग्नाचा बस्ता काढताना क्लॉथ मार्केटात मी आधी कार्डाचा आणि रोखीचा भाव वेगवेगळा विचारतो. तीन टक्क्यांची सूट कुठल्याही कॅशबॅकला हरवते, आणि ती जागच्या जागी मिळते.

लग्नघरांनी आणखी एक पाहावं. आर्थिक वर्षात १० लाख किंवा त्याहून जास्त कार्डबिल भरलं, किंवा १ लाख वा जास्त रोखीने भरलं, तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण विवरणातलं उत्पन्न आणि हा खर्च एकमेकांशी जुळायला हवेत. मेव्हण्याच्या, भाच्याच्या खरेद्या आपल्या कार्डावर पॉइंटांसाठी करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

तारखा

समजा बिल १८ तारखेला निघतं आणि पुढच्या महिन्याच्या ८ तारखेपर्यंत भरायचं आहे. १८ ऑक्टोबरला फ्रिज घेतला तर पैसे ८ नोव्हेंबरला द्यावे लागतील, २१ दिवसांनी. तोच १९ ला घेतला तर ८ डिसेंबरला, ५० दिवसांनी. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी ती यासाठी.

पगार १ तारखेला आणि भरणा २८ ला येत असेल तर बिलाची तारीख बदलून मागा. किमान एकदा ती बदलू देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बंधनकारक आहे. मग ऑटो-पे लावा आणि त्यात 'टोटल ड्यू' निवडलं आहे ना, हे डोळ्यांनी बघा. कितीतरी लोकांच्या ॲपमध्ये 'मिनिमम ड्यू' निवडलेलं निघतं आणि वर्षभर त्यांना वाटत असतं की बिल आपोआप भरलं जातंय.

देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत बँक लेट फी लावू शकत नाही. हा नियम चुकून राहिलं तर कामाला येतो, त्यावर बेत आखू नका. लिमिट १ लाख असेल तर बिल ३०,००० च्या आत ठेवा. जास्त खर्च झालाच तर बिल निघण्याआधी थोडे पैसे भरून टाका, म्हणजे क्रेडिट ब्युरोकडे, हा स्कोअर काढणाऱ्या संस्थेकडे, लहान आकडा जातो.

पॉइंट वापरताना

साठवून ठेवू नका. पॉइंटांना बहुधा दोन-तीन वर्षांची मुदत असते, त्यांचं मोल बँक मधेच कमी करू शकते, आणि त्यांवर व्याज मिळत नाही. दिवाळीआधी आणि मार्चमध्ये, असे वर्षातून दोनदा काढा. अनेक बँका दर वेळी ९९ रुपये आणि जीएसटी असं वापरण्याचं शुल्क घेतात, म्हणून फार तुकड्यांतही नको. कॅटलॉगमधला मिक्सर घेण्याआधी त्याची बाजारातली किंमत बघा. तिथे पॉइंटचं मोल सर्वांत कमी निघतं, असाच माझा अनुभव आहे. बिलात जमा करून घेतलेला कॅशबॅक बऱ्याच बँका 'भरणा' म्हणून धरत नाहीत, तेव्हा तेवढी रक्कम वजा करून बिल भरण्याआधी नियम पाहा.

'तुमचे ९,८५० पॉइंट आज रात्री संपत आहेत' असा लिंकसकट मेसेज आला तर तो पुसून टाका. पॉइंट बघायचे ते बँकेच्या ॲपमध्ये. लिंक दाबून ओटीपी दिलाच असेल तर आधी कार्ड ब्लॉक करा आणि लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

फी लागली, कार्ड नको झालं

वर्ष पूर्ण होण्याच्या महिनाभर आधी फोनमध्ये आठवण लावा. फी माफीची रक्कम झाली नसेल तर ग्राहक सेवेला फोन करून कार्ड बंद करायचं आहे म्हणून सांगा. पुष्कळदा फी तिथेच माफ होते किंवा तेवढे पॉइंट देऊ करतात. नाही झाली तर वर्षभराची बेरीज काढा आणि ती फीपेक्षा कमी असेल तर खरंच बंद करा. सगळ्यात जुनं कार्ड बिनफीचं असेल तर ते मात्र राहू द्या, क्रेडिटच्या इतिहासाला त्याचा उपयोग असतो.

बंद करण्याआधी पॉइंट वापरून घ्या, ऑटो-पेवर लावलेली मोबाइल-ओटीटीची बिलं दुसरीकडे वळवा आणि बाकी शून्य करा. विनंती लेखी करा, ईमेलने किंवा ॲपमधून, आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. देणं बाकी नसेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. नाही केलं तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. ही रक्कम बँक आपण होऊन देईल अशी वाट पाहू नका, तारखा लिहून मागा. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही, वकील लागत नाही.

दीड-दोन महिन्यांनी आपला क्रेडिट रिपोर्ट काढा. चारही ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. त्यात हे कार्ड 'बंद' आणि बाकी शून्य दिसलं पाहिजे. नसेल तर बँकेच्या ईमेलची प्रत जोडून ब्युरोकडेच दुरुस्ती मागा.